थोरले सतराव्या रांगेत

थोरल्यांच्या हातात '१७ क'ची चिठ्ठी पडली आणि अख्ख्या हँगरमधली कुजबुज एकदम थांबली. शिट्टी मात्र जागची हलली नाही.

"हे काय आहे?" थोरल्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"तुमची जागा, काका."

"माझी जागा पहिल्या रांगेत आहे. डावीकडे, खिडकीशी. बत्तीस वर्षं झाली."

"आज सतराव्या रांगेत आहे. आणि ही तुमची बॅग."

"बॅग? मी कुठे गावाला चाललोय?"

"तसंच समजा," शिट्टी म्हणाली. मागे कुणीतरी खुदकन हसलं. कोण ते पाहायला थोरल्यांनी मान वळवली, तर सगळेच छताकडे बघत होते.

आता या घरची खोड सांगायला हवी, नाहीतर एका चिठ्ठीवरून एवढं रामायण का, ते कळायचं नाही. हे घर विमानं बांधायचं. फार मोठी नाहीत, सत्तर खुर्च्यांची. त्या विमानाला कारखान्यात सगळे 'सत्तरी'च म्हणत. कारखाना ज्यांनी काढला त्या शिट्टीच्या आजेसासऱ्यांकडे पहिल्या वर्षी बैठकीला धड खोलीसुद्धा नव्हती. म्हणून प्लायवुड ठोकून उभ्या केलेल्या नमुन्याच्या केबिनमध्येच त्यांनी भावंडांना बसवलं आणि कारभार समजावला. तीच रीत पडली. नमुने बदलले, माणसं वाढली, तरी वर्षाची बैठक लाकडी विमानातच. आणि ज्याची जी जागा ती त्याचीच. पहिली रांग थोरल्यांची, दुसरी-तिसरी आत्याच्या घरची, मग बाकीचे मानाप्रमाणे. या घरातलं पोरगं बोलायला लागायच्या आधी आपली खुर्ची ओळखायचं.

इथेच सगळ्यांनी पायावर धोंडा मारून घेतला होता. सत्तरी बाजारात आणताना प्रवासी किती वेळात चढतात ते मोजायचं ठरलं, तेव्हा आयती सत्तर माणसं बैठकीला जमलेलीच होती. घड्याळ लावलं. मंडळी रिकाम्या हातांनी आली, डोळे मिटून आपापल्या जागी जाऊन बसली. सात मिनिटं! माहितीपत्रकात तोच आकडा ठळक छापला. खऱ्या विमानतळावर खऱ्या माणसांना चौदा लागली, आणि विमान कंपन्यांनी या घरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचं सोडून दिलं.

शिट्टीला हे कळलं ते तेव्हा ती बाहेरची होती म्हणून. लग्नाआधी ती एका विमान कंपनीत धावपट्टीलगतच्या फरसावर, विमानं उभी करतात तिथे, काम करायची. विमान उतरल्यापासून परत सुटेपर्यंतचं सगळं तिच्या ताब्यात, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. सत्तरीच्या दारातला घोळ तिने रोज नऊ वेळा पाहिला होता. मग सत्तरीचा आराखडा काढणाऱ्यांपैकी एकाशी तिचं भांडण झालं, भांडणाचं पुढे लग्न झालं, आणि ती या घरची धाकटी सून झाली. नवऱ्याला घरात 'नकाशे' म्हणत. शिट्टीचं नावही तेव्हाच पडलं.

आज दोन विमानांमधून एक निवडायचं होतं. एक थोरल्यांची 'मोठी': एकशे साठ खुर्च्या, नवा पंख, समुद्र ओलांडणारी. दुसरी, शिट्टी आणि नकाशे यांनी सहा वर्षं खपून उभी केलेली 'अठ्ठ्याऐंशी', तेवढ्याच खुर्च्यांची. पैसा, माणसं आणि हँगर यांत एकच बसणार होती. मागे पडेल तिच्या आराखड्यांची गुंडाळी होऊन माळ्यावर जाणार, आणि या घरात माळ्यावर गेलेलं आजवर एकही विमान खाली आलेलं नव्हतं.

"काका, तुम्ही एवढंच बघा," शिट्टी गेल्या महिनाभरात चाळीस वेळा म्हणाली असेल. "बाजारातले दोन धटिंगण कारखानदार दरवर्षी आपापलं विमान चार-चार रांगांनी लांबवतायत. लांब विमान विकलं की जास्त मिळतं, म्हणून. खालची शंभर खुर्च्यांच्या आतली जागा मोकळी पडलीय."

"मोकळी आहे कारण तिथे कुणाला जायचं नाही," थोरल्यांचं ठरलेलं उत्तर.

"प्रवाशांना जायचंय ना! लहान शहरातून दीडशे खुर्च्यांचं विमान दिवसातून एकदा सुटतं, तेही अर्धं रिकामं. माणसाला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी यायचंय."

"आपल्या बाबांनी समुद्र ओलांडायचं स्वप्न पाहिलं होतं, सूनबाई. बसथांबे जोडायचं नाही."

'सूनबाई' म्हटलं की वाद संपला असं समजायचं.

आत्याचं मन तर आणखी अवघड ठिकाणी अडकलेलं. ती थोरल्यांची धाकटी बहीण, सत्तरीचा पंख तिच्या हातचा. अठ्ठ्याऐंशीला तोच पंख पुरत होता. मोठीला नवा लागणार होता. "डोकं तुझ्याकडे आहे गं," तिने शिट्टीला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पण अजून एक पंख काढायची माझी हौस फिटलेली नाही. त्याला मी काय करू?" आणि विक्री सांभाळणाऱ्या वन्सं उघड उघड थोरल्यांच्या बाजूच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: मोठं विमान विकताना निदान मान ताठ राहते.

म्हणून शिट्टीने बाहेरचं माणूस बोलावलं. कॅप्टनबाई.

कॅप्टनबाई बावीस वर्षं विमान चालवून आता एक कंपनी चालवत होत्या. त्यांनी या घराकडून सहा सत्तऱ्या घेतल्या आणि सातवी घेतली नाही. आज त्या दारापाशी उभ्या होत्या, गळ्यात चष्मा, हातात घड्याळ, बाजूला सहीच्या कागदांची पिशवी.

"मला काय हवं ते पुन्हा सांगते, म्हणजे नंतर वाद नको," त्या म्हणाल्या. "वेग नकोय. झुंबरं नकोत. माझा वैमानिक सकाळी सत्तरी चालवून दुपारी यात बसला पाहिजे, नवं शिक्षण न घेता."

"कॉकपिट तेच ठेवलंय," नकाशे चटकन म्हणाला.

"इंजिन पंखावरून सारखं उतरवायला लागता कामा नये. सुटा भाग दुसऱ्या दिवशी हातात. आणि विमान जमिनीवर पंचवीस मिनिटांच्या वर थांबता कामा नये, कारण उभं विमान मला खायला उठतं. त्यातली चढायला दहा. बॅगा घेऊन, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. दहाच्या आत बसलात तर तीस विमानांच्या कागदावर सही करते. नाहीतर जुनी विमानं घेईन, माझं काही अडलेलं नाही."

थोरल्यांनी सगळ्यांदेखत मान्य केलं होतं, की सही झाली तर मोठी मागे. म्हातारा हट्टी होता, पण शब्दाचा पक्का. पंचाहत्तरी ओलांडली तरी बोललेलं त्यांनी कधी गिळलं नव्हतं.

तर घरची सत्तर आणि कारखान्यातल्या लोकांच्या घरची अठरा अशी अठ्ठ्याऐंशी माणसं शिडीखाली गोळा झाली. कुणाच्या हातात बॅग, कुणाच्या हातात दुमडलेली बाबागाडी, एकाच्या खांद्यावर गिटार. चिठ्ठ्यांनी सगळ्या घराची दाणादाण उडवली होती. आत्याला शेवटची रांग मिळाली होती. वन्संच्या शेजारी त्यांच्याशी तीन वर्षं न बोललेली चुलतबहीण.

"हे मुद्दाम केलंस ना?" वन्संनी दात-ओठ खात विचारलं.

"चिठ्ठ्या टोपीतून काढल्यात, वन्सं. टोपीला तुमचं भांडण माहीत नाही."

"चला!" कॅप्टनबाईंनी घड्याळ दाबलं.

आणि काय तो गोंधळ! लोक शिडी चढले, आत शिरले, थांबले. बाराव्या रांगेचा माणूस दहाव्यात बसला, उठला, सगळ्यांना उठवलं. गिटारवाला आडवा झाला. बॅगा मात्र वरच्या कप्प्यांत पुस्तकांसारख्या उभ्या बसत होत्या, ते पाहून शिट्टीचा जीव जरा भांड्यात पडला. पण बाहेरची रांग हलेना. चार मिनिटं झाली, सहा झाली, नऊ झाली. दहा वाजून गेले... म्हणजे घड्याळात दहा मिनिटं उलटली, तरी वीस माणसं शिडीवरच. शिट्टीने मान उंचावून पाहिलं. पुढे खुर्च्यांमधली मार्गिका मोकळी दिसत होती, मग घोडं कुठे पेंड खातंय?

तेवढ्यात दारातून आवाज आला. असा, की प्लायवुड थरथरलं.

"हे कपाट कोणत्या गाढवाने इथे ठेवलंय?"

थोरले अडकले होते. दारातून आत आलं की समोरच कोट टांगायचं कपाट होतं. त्याला वळसा घालून मार्गिकेत शिरायचं. हातात बॅग असली की ती आधी उचलायची, आडवी करायची, मग कपाटाला पोट घासत वळायचं. थोरल्यांच्या पुढे बाबागाडी, मागे कुणाची तरी छत्री बरगडीत. बत्तीस वर्षं ते सगळ्यांच्या आधी, रिकाम्या हातांनी, थेट पहिल्या रांगेत जात आले होते. रांगेत उभं राहणं म्हणजे काय ते त्यांना आज कळत होतं.

नकाशेने घसा खाकरला.

"काका... ते तुम्हीच सांगितलंत. आराखड्यावर तुमची सही आहे. माणूस आत आला की आधी त्याचा कोट अदबीने घेतला गेला पाहिजे, असं म्हणाला होतात."

"आमच्या सत्तऱ्यांतही आहे ते," कॅप्टनबाई बाहेरून म्हणाल्या. "आम्ही त्यात झाडू ठेवतो."

आधी आत्या हसली, शेवटच्या रांगेतून, तोंडावर रुमाल धरून. मग वन्सं, मग ती न बोलणारी चुलतबहीण, आणि मग अख्खं विमान. त्या दोघी बहिणी एकमेकींच्या दंडाला धरून हसत होत्या. थोरल्यांचा चेहरा लालबुंद झाला. ते आता बॅग भिरकावून निघून जातील, असं शिट्टीला वाटलं. गेले असते तर सगळा डाव मोडला असता.

"सुतारमामा कुठे आहेत?" थोरले गरजले.

"हा काय इथे," नमुना बांधणारे सुतारमामा बाविसाव्या रांगेतून उठले. त्यांनाही चिठ्ठी मिळालेली होती.

"करवत आणा."

"काका, आधी सगळा हिशोब..." नकाशे म्हणू लागला.

"हिशोब गेला खड्ड्यात! माझ्या बरगड्यांनी केलाय हिशोब. कापा हे!"

पंचवीस मिनिटांत कपाट गेलं. भुसा उडाला, पोरांनी तो डोक्यावर घेतला, आत्याने वाकून जमिनीची जोडणी तपासली आणि "बरंच झालं, पन्नास किलो वाचले" असा निकाल दिला. हँगरभर एकदम लग्नघरासारखी गडबड. जो तो आपली शक्कल सांगायला लागला. दार आणि मार्गिका यांच्यात आता मोकळं अंगण झालं होतं. दोन माणसं बॅगांसकट शेजारी-शेजारी वळू शकत होती.

"पुन्हा!" थोरले म्हणाले. "सगळे खाली उतरा. पुन्हा चढू."

दुसरी खेप म्हणजे नुसता वारा. माणसं सरसर आत आली, बॅगा धडाधड वर गेल्या. गिटारवाल्याने गिटार आधीच उभी धरली होती. थोरले '१७ क'मध्ये बसून ओरडत होते, "चला, चला, पुढे सरका!" शेवटचा पट्टा लागला आणि कॅप्टनबाईंनी घड्याळ थांबवलं.

"आठ मिनिटं, चाळीस सेकंद."

काय आरडाओरडा झाला म्हणता! नकाशेने शिट्टीला उचलूनच घेतलं. आत्याने डोळे पुसले. वन्सं मार्गिकेतून धावत आल्या आणि म्हणाल्या, "आठ-चाळीस! अगं, हा आकडा मी झोपेतसुद्धा विकेन!" म्हणजे वन्संनी बाजू बदलली होती, तीही भर रस्त्यात. कॅप्टनबाईंनी पिशवीतून कागद काढले, पेनाचं टोपण उघडलं.

शिट्टीला हसू आवरत नव्हतं. आणि हसता हसता तिची नजर रांगांवरून फिरली. सगळे किती निवांत बसले होते! जणू वर्षानुवर्षं त्याच जागी बसत आल्यासारखे.

तिचं हसू विझलं.

नकाशेच्या लगेच लक्षात आलं. नवरा-बायको सहा वर्षं एकाच आराखड्यावर वाकलेले होते. त्याने डोळ्यांनीच विनवलं: नको. गप्प राहा. सही होऊ दे.

आणि खरंच, गप्प राहायला काय जात होतं? कुणी खोटं बोलत नव्हतं. घड्याळ खरं होतं, माणसं खरी होती. सहा वर्षांची मेहनत त्या पेनाच्या टोकाशी येऊन थांबली होती. तिला फरसावरची आपली जुनी सकाळ आठवली. माहितीपत्रक सात म्हणायचं, आणि चौदा मिनिटांचे शिव्याशाप तिने एकटीने खाल्ले होते.

"थांबा," ती म्हणाली. "ही खेप धरू नका."

"काय?" तीन-चार आवाज एकदम.

"सगळ्यांना जागा माहीत झाल्यात. कुठे वळायचं, बॅग कुठे ठेवायची, सगळं. सत्तरीच्या वेळी हेच केलं होतं आपण. विमानतळावरचा माणूस दोनदा चढत नाही."

"अगं बाई, तुला वेड लागलंय का?" वन्सं कळवळल्या. "हातातोंडाशी आलेलं कुणी असं..."

"बोलू दे तिला," आत्या म्हणाली.

"चिठ्ठ्या गोळा करा. टोपीत घालून पुन्हा वाटा. बॅगासुद्धा अदलाबदल करा," शिट्टी म्हणाली. "मग जो येईल तो आकडा."

कॅप्टनबाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांनी कागद परत पिशवीत सरकवले, आणि त्याचंच शिट्टीला सगळ्यात जास्त भय वाटलं. थोरल्यांनी तिच्याकडे एकटक पाहिलं, मग उठून स्वतः टोपी फिरवायला घेतली.

तिसरी खेप सुरू झाली तेव्हा कुणी हसत नव्हतं. माणसं चिठ्ठ्या वाचत, पुटपुटत आत येत होती. दोन मिनिटं, चार, पाच. अंगण मोकळं होतं, रांग हलत होती! सात मिनिटांना सत्तर माणसं आत. "होतंय, होतंय," नकाशे शिट्टीच्या कानाशी पुटपुटत होता. त्याची नखं तिच्या मनगटात रुतलेली. नऊ मिनिटांना फक्त तीन माणसं बाकी. आणि तेवढ्यात नवव्या रांगेपाशी एक म्हातारी थांबली. कँटीनमध्ये भाजी चिरणारीची आई ती. हातात गिटारवाल्याची जड बॅग आलेली. तिला ती उचलेना.

थोरले यावेळी नवव्या रांगेत आले होते. ते उठले.

"काका, बसा!" वन्सं किंचाळल्या. "घड्याळ चालू आहे!"

"बाईमाणूस बॅग घेऊन उभं आहे आणि मी बसू?" थोरल्यांनी पट्टा सोडला, मार्गिकेत आले, मागच्या दोघांना अडवलं, बॅग वर ठेवली, म्हातारीला खिडकीशी बसवलं, वर विचारलं, "वारा लागतोय का?" लाकडी विमानात कसला वारा! नकाशेने डोळे मिटून घेतले.

मागची दोघं धावत जाऊन बसली. पट्टे लागले.

"दहा मिनिटं," कॅप्टनबाई म्हणाल्या, "अकरा सेकंद."

थोरले पट्टा सोडून पुन्हा उभे राहिले. "ते अकरा सेकंद माझे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तिच्या नावावर लावू नका."

"प्रत्येक विमानात असा एक जण असतो," कॅप्टनबाई आत येत म्हणाल्या. "माझ्या रोजच्या उड्डाणांत तर दोन-दोन. त्याला धरूनच मला आकडा हवा होता. या घराने मला आजवर दिलेल्या आकड्यांपैकी हा पहिलाच आहे, जो माझ्या विमानतळावर जसाच्या तसा येईल." त्यांनी चष्मा लावला. "पण दहा म्हणजे दहा म्हणाले होते. तीस नाही घेणार. अठरा घेते. बाकीची बारा, पहिलं विमान वेळेवर आलं तर. आता सांगा, कधी देणार?"

सगळ्यांनी सवयीने थोरल्यांकडे पाहिलं. तारीख सांगायचा मान त्यांचाच. बैठकीच्या कागदावर 'तीन वर्षं' छापलेलंच होतं. सत्तरीच्या वेळीही त्यांनी छाती पुढे काढून तीन वर्षं सांगितली होती आणि साडेपाच लागली होती. त्यांनी तो कागद दुमडून खिशात घातला.

"तिला विचारा," ते म्हणाले.

"कुणाला?" वन्संनी विचारलं.

"शिट्टीला. विमान तिचं आहे, तारीख तीच सांगेल."

शिट्टीने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान डोलावली. शिट्टीने मनातल्या मनात मोजलं: पंख जुना, कॉकपिट जुनं, पण इंजिनाच्या चाचण्या, उड्डाणाच्या चाचण्या, परवाना. कुठेही हातचं न राखता, कुठेही उगाच न दडपता.

"चार वर्षं, आठ महिने."

वन्संनी कपाळावर हात मारला. कॅप्टनबाईंनी आकडा लिहिला, खाली रेघ ओढली आणि सही केली. पुन्हा काही विचारलं नाही.

आता मात्र छप्पर उडेल असा गलका झाला. त्यात थोरले वाट काढत शिट्टीपाशी आले. मोठीची नळीत गुंडाळलेली चित्रं त्यांनी सकाळपासून काखेत धरली होती. ती त्यांनी आत्याच्या हातात दिली.

"सूनबाई," ते म्हणाले, आणि या वेळी वाद संपवायला म्हणाले नव्हते. "चार वर्षं आठ महिने म्हणजे चार वर्षं आठ महिनेच हं. मी तेव्हा एक्क्याऐंशीचा असेन. मला फार वाट बघायला लावू नकोस."